यंत्राचे बिऱ्हाड

बिऱ्हाड बदलण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधी आलाच नाही असा मराठी पांढरपेशा विरळाच. बदलीची नोकरी असो, घरमालकाची कटकट असो, की मुलांच्या शाळेची सोय असो, एक दिवस दाराशी ट्रक उभा राहतोच. सामान चढते, सामान उतरते, हमाल पैसे मोजून घेऊन जातात आणि नव्या घरात पहिला चहा करायची वेळ येते. मग कळते की गॅस आहे पण लायटर नाही. साखर आहे पण ती कोणत्या डब्यात ते कोणालाच आठवत नाही. आणि गाळणे सापडते ते तिसऱ्या दिवशी, पुस्तकांच्या खोक्यात. सामान सगळे आलेले असते. आलेली नसते ती मांडणी. जुन्या घरात अंधारात हात घातला तरी काडेपेटी हाती लागत असे, ते ज्ञान ट्रकमध्ये चढवता येत नाही.

या सदराच्या वाचकांना वाटेल, मास्तरांची बदली झाली की काय! तसे काही नाही. आम्ही आपले शिराळ्यातच आहोत. शिराळा म्हटल्यावर बाहेरगावचा माणूस जो पहिला प्रश्न विचारतो त्या नागपंचमीविषयीही आज काही सांगायचे नाही. आजचा विषय आहे संगणकाचे बिऱ्हाड. प्रोग्राम लिहून पोट भरणाऱ्या माणसाला नवा संगणक मिळाला म्हणजे तो मांडायचा कसा, आणि मांडण्याचे ते काम त्या संगणकाच्याच गळ्यात कसे घालायचे, हा. मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल, आणि ते थोडे दुःखाचे आहे.

घरात वापरायच्या संगणकाची मांडणी ती काय असणार! खोके उघडले, वायर जोडली, आपले नाव सांगितले, की झाले. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा संगणक म्हणजे सुताराचा कारखाना. माणसाने लिहिलेला मजकूर यंत्राला उमजेल असा करून देणारा अनुवादक त्यात लागतो. लिहिण्यासाठी संपादक लागतो. केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा, चित्रगुप्ताच्या जातीचा 'गिट' नावाचा कारकून लागतो. तो लिनस टोरवाल्ड्स याने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी जन्माला घातला. माहिती साठवणारे कोठार लागते. आणि या सर्वांचे एकमेकांशी पटावे लागते. अनुवादकाची अमुक आवृत्ती असेल तर कोठाराची तमुक आवृत्ती रुसते; लग्नघरातल्या व्याह्यांसारखा प्रकार. याखेरीज ज्याच्या त्याच्या आवडीनिवडी असतात त्या निराळ्याच.

या आवडीनिवडी जिथे लिहून ठेवतात त्या फायलींची एक गंमत आहे. त्यांच्या नावांचा आरंभ टिंबाने होतो आणि त्या यादीत दिसत नाहीत. युनिक्सच्या अगदी आरंभीच्या दिवसांत फायलींची यादी दाखवताना एक टिंब आणि दोन टिंबे अशा नावांच्या दोन तांत्रिक नोंदी वगळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने सोपी युक्ती केली, नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ते दाखवायचेच नाही. झाले! टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव यादीतून अदृश्य होऊ लागले आणि लोकांनी आपले खासगी सामान त्या अंधाऱ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली. ही हकीकत बेल लॅब्जमधले जुने जाणते रॉब पाइक यांनी सांगून ठेवली आहे. नजरचुकीची रूढी कशी होते याचे भाषा शिकवणाऱ्याला नवल वाटत नाही. आमचे निम्मे व्याकरण याच मार्गाने आले आहे.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. आमच्या महाविद्यालयातून बी.सी.ए. होऊन पुण्याला गेलेली एक विद्यार्थिनी आहे. वारणेच्या काठच्या एका वाडीतली. पहिल्या वर्षी तिचे मराठी माझ्याकडे होते. २०१६ साली तिला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. वाडीत पेढे वाटले गेले. दिवाळीला ती घरी आली तेव्हा भेटायला आली. मी विचारले, "काय गं, काम जमतंय का?"

"काम जमतंय, सर," ती म्हणाली, "पण कामापर्यंत पोचायलाच नऊ दिवस लागले."

हकीकत अशी होती. पहिल्या दिवशी तिच्या हाती कोरा लॅपटॉप आणि चौदा पानांचे टिपण देण्यात आले. या टिपणाप्रमाणे यंत्र मांडून घ्या आणि कामाला लागा, असा हुकूम. तिसऱ्या पानावर जे उतरवून घ्यायला सांगितले होते ते ठिकाण केव्हाच बंद झाले होते. सहाव्या पानावर वाक्य होते, 'यानंतर नेहमीप्रमाणे सर्व्हर चालू करावा.' नेहमीप्रमाणे! जो आज पहिल्यांदा पायरी चढला त्याला नेहमीप्रमाणे म्हणजे कसे, हे कोण सांगणार? सांगू शकत होते असे एक सद्गृहस्थ होते, आणि त्यांच्या टेबलाभोवती सदैव रांग. ते येत, उभ्या उभ्या चार कळा फटाफट दाबत, "झालं" म्हणत आणि निघून जात. काय केले असे विचारले तर, "पुढच्या वेळी सांगतो."

शहरात वाढलेली मुले पुन्हा पुन्हा जाऊन विचारीत. त्यांना त्याचे काही वाटत नसे. तालुक्याच्या गावाहून गेलेल्या मुलीला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायचा म्हणजे जीव नकोसा होतो. "त्यांना वाटणार, हिला येतच नाही," ती म्हणाली. "आणि खरं सांगू का सर, मलाही तसंच वाटायला लागलं होतं. पाचव्या दिवशी आईला फोन केला आणि म्हटलं, मी परत येते."

ती परत आली नाही, याचे कारण तिची आई म्हणाली, "महिना तर भरू दे, पगार घेऊन ये." मग तिने दोनशे पानी वही घेतली. सद्गृहस्थांची बोटे कोणत्या कळांवर पडतात ते पाहून पाहून तिने ते चार मंत्र टिपून घेतले. प्रत्येक अडखळण्याची जागा, तिथे आलेला संदेश, त्यावरचा उपाय, सारे तारीखवार लिहिले. तीन महिन्यांनी लातूरकडचा एक मुलगा नवा लागला. तो या वहीवरून दोन दिवसांत कामाला लागला. आणि मग तिच्या मनात आले की वहीत 'हे कर, मग ते कर' असेच तर लिहिले आहे. ते माणसाने वाचून यंत्राला सांगण्यापेक्षा यंत्रानेच का वाचू नये?

यंत्राला वही वाचायला देणे वाटते तितके सोपे नाही. माणसाला 'कळशी भर' म्हटले तर तो आधी कळशीत डोकावतो. भरलेली असेल तर गप्प बसतो. यंत्राला ती अक्कल नसते. ते भरल्या कळशीत पुन्हा ओतते आणि स्वयंपाकघरभर पाणी करते. म्हणून या विद्येतला पहिला धडा असा की 'कळशी भर' असे लिहायचे नाही, 'कळशी भरलेली असावी' असे लिहायचे. रिकामी असेल तर यंत्र भरील, अर्धी असेल तर वर घालील, भरलेली असेल तर पुढच्या ओळीकडे जाईल. मध्येच वीज गेली, काम अर्धवट राहिले, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली की बिघडत काही नाही. आज्ञार्थ टाकून विध्यर्थ वापरावा, एवढाच या शास्त्राचा गाभा! हे ऐकल्यावर माझी या विषयाशी एकदम ओळख झाली.

ही युक्ती पक्की करणारा गृहस्थ मार्क बर्जेस. मूळचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक. ऑस्लो विद्यापीठात असताना तिथल्या निरनिराळ्या जातींच्या संगणकांची निगा राखायचे काम त्याच्या अंगावर पडले, आणि १९९३ साली त्याने 'सीएफइंजिन' नावाची आज्ञावली लिहिली. यंत्राची अवस्था कशी असावी ते तिला सांगायचे. तिथवर कसे पोचायचे ते तिने पाहायचे. २००५ साली 'पपेट' आले, २०१२ मध्ये 'ॲन्सिबल'. हे शेवटचे नाव मूळचे उर्सुला ल गुईन या लेखिकेच्या १९६६ च्या कादंबरीतले आहे. तिथे ते ताऱ्यांमधल्या अंतरांना न जुमानता क्षणात निरोप पोचवणाऱ्या यंत्राचे नाव आहे. साहित्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी हा दाखला मी वर्गात राखून ठेवला आहे.

यांच्याही आधीचा पूर्वज १९७६ चा. बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ फुकट गेली. प्रोग्राममधली चूक त्याने दुरुस्त केली होती. पण दुरुस्त मजकुराचा पुन्हा अनुवाद करायचा राहून गेला आणि नसलेली चूक तो शोधत बसला. फेल्डमनने दोन दिवसांच्या सुटीत 'मेक' नावाची आज्ञावली लिहिली. कशानंतर काय करायचे ते तिला एकदा सांगून ठेवावे. जे जुने झाले असेल तेवढेच ती नव्याने करते. या मेकच्या फायलीत आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबनेच व्हावा लागतो, साधी मोकळी जागा चालत नाही. ही अडचण फेल्डमनच्या लवकरच ध्यानात आली होती. पण तोवर तिचे डझनभर वापरणारे झाले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्याने ती तशीच राहू दिली. त्या डझनभरांच्या भिडेखातर पुढे साऱ्या जगाने डोके आपटून घेतले!

आपल्या पुण्यात ज्या रेड हॅट कंपनीची कचेरी आहे तिच्या लिनक्समध्ये आणखी एक साधी सोय आहे. नवी कार्यप्रणाली बसवताना ती जे जे प्रश्न विचारते आणि आपण जी जी उत्तरे देतो ती सारी शेवटी एका फायलीत लिहून ठेवते. ती 'किकस्टार्ट' फाइल पुढच्या यंत्राला दिली की ते यंत्र प्रश्न विचारीत नाही. आमच्या विद्यार्थिनीने आरंभ तिथूनच केला आणि मग त्यावर आपली वही चढवली.

ही सगळी साहेबाची विद्या, आपल्याकडे कुठे होते असले, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. शिराळ्याचा मारुती हा समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक. त्या समर्थांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास काढून पाहावा, नाव 'लेखनक्रियानिरूपण'. अध्यात्माच्या ग्रंथात हा समास म्हणजे लेखकाचे बिऱ्हाड कसे मांडावे याची यादी आहे. बरू कोणकोणते आणावे, टाक कसे तोडावे, शाईचा साठा कसा ठेवावा, पोथीला बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलपेदेखील. समर्थांचे मठ गावोगाव होते, पोथ्या उतरवून घेणारे हात निरनिराळे होते. कोणत्याही मठात बसले तरी पोथी सारखी उतरावी, म्हणून ही मांडणी लिहून ठेवली असावी असे मला वाटते. त्यात एक सूचना फार मोलाची आहे. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही.

कागद झडला तरी अक्षर राहावे, ही समर्थांची काळजी. आमच्यावर उलटा प्रसंग आला. कागदाच्या जागी असलेली तबकडी धडधाकट राहिली आणि अक्षरे झडली.

२००६ साली, मी नुकताच लागलो होतो तेव्हा, विद्यार्थ्यांकडून तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करून घेतल्या होत्या. मुले-मुली घरोघर आयांकडे, आज्यांकडे गेल्या, वारणेच्या आणि मोरणेच्या खोऱ्यांतल्या वाड्यावस्त्या हिंडल्या. चारशे बारा ओव्या जमल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ज्या २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागल्या; त्या डोंगरापुढे आमच्या चारशे म्हणजे मूठभर. पण त्या आमच्या होत्या. कुणाच्या चुलतीची, कुणाच्या आत्याची नावे त्यांत होती. एका छापखान्यात त्या संगणकावर जुळवून घेतल्या. वार्षिक अंकात जागा होती तेवढ्या चाळीस छापल्या आणि बाकीच्यांचे पुढे पुस्तक करायचे ठरले. छापखान्याने सगळ्या ओव्या सीडीवर भरून दिल्या. हस्तलिखित कागद मात्र छापखान्याच्याच माळ्यावर राहिले, आणि माळा गळका होता.

पुस्तकाचा योग बारा-तेरा वर्षे आला नाही. आला तेव्हा सीडी उघडली. उघडली व्यवस्थित, पण पडद्यावर दिसू लागले ते इंग्रजी अक्षरांचे, कंसांचे, टक्केवारीच्या खुणांचे भूत. एक ओवी वाचता येईना. छापखान्यात चौकशी केली. ज्या यंत्रावर ते जुळवले होते ते मोडीत गेले होते. जुळारी मुंबईला गेला होता. त्या काळच्या मराठी टंकांच्या आज्ञावलीला एक कुलूपवजा खुंटी मागे लावावी लागे, तीही हरवली होती. टंक कोणता, त्याची आवृत्ती कोणती, कळफलकाची रचना कोणती, याचे टिपण कोणीही केलेले नव्हते. ते यंत्र चालू होते तोवर त्याला हात लावायला सारे भीत असत, "एकदा बिघडलं तर पुन्हा कोण बसवणार?" असे जो तो म्हणे. असे यंत्र प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी असते.

झाले होते असे. त्या जुन्या टंकांत देवनागरीची स्वतंत्र जागाच नव्हती. रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर आपले काने, मात्रा, अर्धी अक्षरे नेऊन बसवलेली असत. कोणती खुर्ची कोणाची, हे ज्या त्या टंकालाच माहीत. टंक गेला की मागे उरतात त्या खुर्च्या. असे होऊ नये म्हणून भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये मुक्रर झाले होते. त्याच्या आधीच्या आवृत्तीवरून युनिकोडमधल्या देवनागरीची बैठक ठरली. पण छापखान्यांत पुढे कित्येक वर्षे जुनाच कारभार चालला. ज्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतल्या बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या. पुन्हा जाऊन विचारण्याची सोय नव्हती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि पुण्या-मुंबईची पोरे लॅपटॉप पोटाशी धरून गावोगाव परतली. आमची विद्यार्थिनीही वाडीला आली. टाळेबंदी जरा सैल झाल्यावर मी तिला ती सीडी दाखवली. तिने पाच मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, सामान सगळं शाबूत आहे. मांडणी हरवलीय."

मग तिने अशी युक्ती काढली. वार्षिक अंकात छापलेल्या चाळीस ओव्या तर आपल्याला वाचता येत होत्या. त्याच चाळीस ओव्या सीडीवरही होत्या, भुताच्या रूपात. दोन्ही शेजारी ठेवून कोणत्या खुणेचे कोणते अक्षर याचा तक्ता ती जुळवत गेली. कंपनीचे काम आटोपून रात्री दोन-दोन तास, असे तीन आठवडे. मी व्याकरणाच्या बाजूने तिला साथ केली. वेलांटी अक्षराच्या आधी दाबलेली असे ती नंतर आणावी लागे. रफार कुठल्याकुठे जाऊन बसलेला असे. तक्ता पुरा झाल्यावर तिने तो सीडीवरून फिरवला आणि एका रात्रीत तीनशे नव्वद ओव्या समोर उभ्या राहिल्या. बावीस राहिल्या. त्यांत बहुतेक ठिकाणी अडले ते अर्ध्या 'र'पाशी, 'दऱ्या', 'दुसऱ्या', 'कैऱ्या' यांतल्या. मराठीचा हा खास दागिना छापील चाळिसांत दोनच ठिकाणी होता आणि त्या दोन ठिकाणच्या खुणाही एकमेकींशी जुळत नव्हत्या.

हे काम संपते न संपते तोच एका वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि तिचा लॅपटॉप गेला. साफ गेला. कंपनीने नवा पाठवला, तो चौथ्या दिवशी शिराळ्यात आला. रात्री नऊला तिने खोके उघडले. वाडीवर नेटवर्कची बोंब, म्हणून लागणारी सारी गाठोडी तिने आधीच एका बाहेरच्या डिस्कवर ठेवली होती. एक ओळ टाइप केली आणि ती जेवायला बसली. साडेअकराला यंत्र मांडून तयार होते. अनुवादक, कोठार, गिट, टिंबवाल्या फायली, मराठी कळफलक, टंक, आणि ओव्यांचा तो तक्तासुद्धा, शेवटच्या ओळीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर हजर. २०१६ साली ज्याला नऊ दिवस लागले त्याला अडीच तास, आणि त्यातही तिचे जेवण झाले.

या धंद्यातल्या अमेरिकन मंडळींची एक म्हण तिने मला सांगितली. यंत्राला लाडक्या कुत्र्यामांजरासारखे नाव देऊन कुरवाळीत बसू नये. कळपातल्या गुरासारखे समजावे, एक गेले की दुसरे आणावे. तिची आई शेजारी तांदूळ निवडीत होती. ती म्हणाली, "त्या लोकांच्यात बेंदूर नसतो व्हय? गुराला नाव नसतं असं कुटं असतंय?" बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या मुलखात ही म्हण चालायची नाही, हे कबूल केलेले बरे.

आता याची दुसरी बाजू. तीन-चार वर्षांतून एकदा यंत्र बदलायचे. त्याचा एक दिवस वाचवण्यासाठी महिनाभर आज्ञावली घोटत बसणारे वीरही या धंद्यात पुष्कळ आहेत. एकट्या माणसाला हा बहुधा छंदच होतो, रविवारी सायकल पुसत बसण्यासारखा. दहा माणसे जिथे काम करतात आणि वर्षाला चार नवी येतात, तिथे मात्र तो छंद राहत नाही. परवलीचे शब्द या फायलीत कधी लिहायचे नाहीत. त्यांची तिजोरी निराळी. आणि फाइल नुसती लिहून भागत नाही, ती चालवत राहावी लागते. जुन्या आज्यांच्या वहीत 'चार आण्यांची कोथिंबीर' असे प्रमाण असते. आज ते वाचून कोण काय समजणार? 'हल्लीची जी आवृत्ती असेल ती घे' असे फायलीत लिहिणे म्हणजे चार आण्यांची कोथिंबीर. आवृत्तीचा आकडा लिहावा लागतो. आमची विद्यार्थिनी दर महिन्याला यंत्राच्या पोटात एक खोटे यंत्र उभे करून त्यावर सारी फाइल पहिल्यापासून चालवून पाहते, आणि दर वेळी एखादी ओळ मोडलेली सापडतेच.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले तेव्हा त्यांनी जिन्नस वाटी-चमच्याने मोजून सांगितले. त्याआधी काय होते? 'अंदाजाने मीठ.' हा अंदाज सासूच्या हातात असे, आणि सुनेने विचारले तर तो सांगण्यासारखा नसे. मुद्दाम लपवत असे असे नाही, हाताला जे येते ते तोंडाने सांगता येत नाही. पण थोडे हातचे राखणेही असतेच. जे मलाच येते त्यामुळे माझी किंमत आहे, ही समजूत स्वयंपाकघरात असते तशी हिंजवडीलाही असते, आणि आम्हा प्राध्यापकांत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

त्या सद्गृहस्थांचे पुढे काय झाले, हे मी तिला विचारले होते. प्रथम ते रागावले. फाइल बघायलाही तयार नव्हते. पुढे एकदा बघितली तेव्हा त्यांतल्या दोन ओळी चुकीच्या असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्या त्यांनी दुरुस्त केल्या आणि खाली आपले नाव घातले. मग तेच तिचे राखणदार झाले. सुटीच्या दिवशी, मुलांच्या वाढदिवसाला, रुग्णालयाच्या बाकावरसुद्धा त्यांना फोन येत असत, हे तिला नंतर कळले. त्या वर्षी सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दिवाळीची आठ दिवस सलग रजा घेतली.

महाविद्यालयाला कोणीतरी वापरून झालेले आठ संगणक दिले आहेत. ते मांडण्यासाठी तिने मराठी विभागाला एक छोटी फाइल करून दिली आहे. तिच्यात पहिल्या ओळी मराठीच्या आहेत. इनस्क्रिप्ट कळफलक, रेड हॅटने २००४ साली सर्वांसाठी खुले केलेले 'लोहित' टंक, आणि मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींचा 'मुक्त'. कोणती ओळ कशासाठी, हे प्रत्येक ओळीच्या वर तिने मराठीत लिहिले आहे, आणि 'नेहमीप्रमाणे' हा शब्द त्यात कुठेही नाही. सगळे झाल्यावर फाइल पडद्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द दाखवते, 'बिऱ्हाड', आणि विचारते की हा शब्द नीट दिसतो का, हो की नाही. अर्धा 'र' जिथे उमटला तिथे बाकीचे मराठी उमटणारच, असा तिचा हिशेब. पहिल्या वर्षाची दोन मुले ही परीक्षा घेत बसली होती. सात यंत्रे पास झाली. आठव्यावर अजून 'बिर्हाड' असे उमटते. ते का, हे ती दिवाळीला आली की बघणार आहे; त्या बावीस ओव्याही तेव्हाच पुढे घ्यायच्या आहेत.